मानेचा एक्स-रे आणि किरणांचा कोन: छताला टांगलेल्या डिजिटल यंत्राचे परीक्षण

क्ष-किरण विभागासाठी नवे यंत्र पाहायला गेले की विक्रेता बहुधा छातीचे चित्र काढून दाखवतो. ते नेहमीच सुरेख येते, कारण छातीसाठी किरण सरळ सोडायचे असतात आणि चुकण्यासारखे त्यात फार काही नसते. यंत्राची पारख करायची असेल तर मानेच्या मणक्यांचे चित्र काढून बघावे. मानेला समोरून एक कोन लागतो, तिरक्या चित्राला दुसरा, बाजूच्या चित्राला कोन नसतो पण अंतर वाढवावे लागते आणि तोंड उघडून घेतलेल्या चित्रात दोन-चार अंशांनी सगळे बिघडते किंवा सुधारते. हे परीक्षण अशाच एका यंत्राचे आहे. त्याची किरण सोडणारी ट्यूब छतावरच्या रुळांवरून फिरते, खालीवर व तिरकी होण्यासाठी तिला मोटर आहे, उभ्या स्टँडला आणि टेबलाला स्वतंत्र डिटेक्टर, म्हणजे किरण झेलून चित्र तयार करणाऱ्या पाट्या, आहेत आणि तपासणीचे नाव निवडताच ट्यूब ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या कोनात जाऊन उभी राहते. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे सांगितलेले गुणदोष या वर्गातील कोणत्याही यंत्रात तपासून पाहण्यासारखे आहेत. माझे मत आधीच सांगतो: सांगितलेला कोन हे यंत्र फार अचूक घेते, परंतु कोणता कोन घ्यायचा याबाबत त्याच्या स्मरणात भरलेल्या आकड्यांवर विसंबून राहणे योग्य नाही.

समोरून घ्यायच्या चित्रापासून सुरुवात करू. मानेचे मणके एकावर एक सपाट रचलेले नसतात. मानेला पुढच्या बाजूस फुगीर असा बाक असतो आणि प्रत्येक मणक्याची पुढची खालची कड खालच्या चकतीवर थोडी उतरलेली असते, छपरावरचे एक कौल खालच्या कौलावर येते तशी. त्यामुळे मधल्या आणि खालच्या मणक्यांमधील चकत्यांच्या जागा पाठीमागून पुढे येताना खाली उतरतात. किरण समोरून सरळ सोडले तर ते या फटींमधून पार जात नाहीत, मणक्यांच्या कडा एकमेकींवर पडतात आणि चकती झिजली आहे की चित्रच चुकले आहे हे सांगता येत नाही. म्हणून मध्यकिरण डोक्याच्या दिशेने १५ ते २० अंश वर कलता ठेवून सी-४ या मणक्यावर (मानेचे मणके वरून सी-१ ते सी-७ असे मोजतात), म्हणजे कंठमण्याच्या खालच्या कडेच्या सुमारास, रोखला जातो. रुग्ण झोपलेला असेल तर मानेचा बाक कमी असतो आणि १५ अंश पुरतात. उभा किंवा बसलेला असेल तर बाक वाढतो आणि २० अंश लागतात. पाठीला पोक असलेल्या रुग्णात कधीकधी त्याहूनही अधिक कोन घ्यावा लागतो. म्हणजे रुग्ण उभा आहे की झोपलेला आणि त्याच्या मानेचा बाक किती आहे, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोन ठरत नाही.

या यंत्रात मात्र मानेच्या समोरच्या चित्रासाठी एकच आकडा भरलेला आहे, १५ अंश, आणि तो टेबलालाही लागू होतो आणि उभ्या स्टँडलाही. मानदुखीचे बहुतेक रुग्ण चालत येतात आणि उभ्यानेच चित्र देतात, त्यामुळे जिथे २० अंश हवेत तिथेच यंत्र १५ देते. ही माझी पहिली तक्रार आहे आणि ती मी गंभीर मानतो, कारण १५ अंशांवर काढलेले चित्र वाईट दिसत नाही. मणके दिसतात, कडा दिसतात, फक्त सी-५ पासून खालच्या फटी बंद झालेल्या असतात, आणि अहवाल लिहिणाऱ्याला तिथे चकती बारीक झाल्यासारखी वाटू शकते. चित्र उघडपणे बिघडले तर पुन्हा काढले जाते. असे अर्धवट बरे चित्र तसेच पुढे जाते.

त्यात भूमितीची आणखी एक गोष्ट आहे, जी शिकवताना अनेकदा मागे पडते. ट्यूबमधून निघणारे किरण समांतर नसतात, ते पसरत जातात. ट्यूब मानेपासून एक मीटरवर असेल आणि मध्यकिरण सी-४ वर १५ अंशांनी वर जात असेल, तर त्याच्या पाच-सहा सेंमी खाली असलेल्या सी-७ ला मिळणारा किरण फक्त १२ अंशांच्या आसपास कललेला असतो. मानेच्या बाकामुळे खालच्या चकत्यांना वरच्यांपेक्षा अधिक कोन हवा असतो आणि किरणांच्या पसरण्यामुळे त्यांनाच कमी मिळतो. म्हणून बोटांना मुंग्या येणे, हाताच्या पकडीत जोर न राहणे अशी तक्रार लिहून आली असेल आणि डॉक्टरांचे लक्ष सी-६ व सी-७ कडे असेल, तर मी कोन २० अंशांकडे नेतो किंवा मध्यकिरण थोडा खाली घेतो. सगळ्या फटी एकाच कोनात सारख्या उघडत नाहीत. ज्या फटीविषयी प्रश्न विचारला आहे ती उघडणारा कोन त्या रुग्णापुरता सर्वांत चांगला, हे माझे ठाम मत आहे.

आता यंत्राच्या बाजूने बोलायचे तर कोन बदलण्याची सोय उत्तम आहे. ट्यूबच्या तोंडाशी असलेल्या पडद्यावर कोनाचा आकडा मोठ्या अक्षरात दिसतो, एकेका अंशाने वाढवता-कमी करता येतो आणि आकडा बदलताच ट्यूब स्वतः खाली सरकून डिटेक्टरच्या मध्यावरचा आपला नेम कायम ठेवते. साध्या स्टँडवर हेच काम हाताने करावे लागते: एक मीटर अंतरावर १५ चे २० अंश केले की ट्यूब सुमारे साडेनऊ सेंमी खाली न्यावी लागते, नंतर डिटेक्टर जुळवावा लागतो आणि या गडबडीत रुग्ण हनुवटी खाली घेतो. इथे ते काही क्षणांत होते. या एका सोयीमुळे आमच्याकडे कोन बदलण्याचा आळस राहिलेला नाही आणि त्यासाठी मी या यंत्राला मनापासून गुण देतो.

तरीही एका बारकाव्याकडे लक्ष द्यावे लागते. यंत्र नेम धरते तो डिटेक्टरच्या मध्यावर. आपण नेम धरतो तो गळ्याच्या त्वचेवर. गळ्याच्या पुढच्या त्वचेपासून डिटेक्टरपर्यंत १६ सेंमी अंतर धरले तर १५ अंशांवर किरण आत शिरतो ती जागा डिटेक्टरच्या मध्यापेक्षा सुमारे ४.३ सेंमी खाली असते आणि २० अंशांवर ५.८ सेंमी खाली जाते. म्हणजे आकडा बदलला की प्रकाशाची फुली कंठमण्यावरून दीड सेंमी खाली घसरते. नव्या तंत्रज्ञाला हे कळत नाही, कारण पडद्यावर सगळे हिरवे असते. कोन बदलल्यावर फुली पुन्हा कंठमण्याच्या खालच्या कडेवर आणायची, ट्यूब आणि डिटेक्टर एकत्र वर घ्यायचे आणि मगच एक्स्पोजर द्यायचे, ही सवय लावून घ्यावी लागते. ट्यूब आणि डिटेक्टर एकत्र हलवण्याचे बटण ट्यूबच्या मुठीवरच आहे, त्यामुळे रुग्णापासून दूर जावे लागत नाही.

कोन बरोबर असला तरी हनुवटी चुकली की चित्र वाया जाते. हनुवटी खाली असेल तर जबड्याचे हाड सी-३ वर येते आणि फार वर असेल तर कवटीचा तळ वरचे मणके झाकतो. वरच्या दातांची कड आणि कानामागच्या हाडाचे टोक यांना जोडणारी रेषा डिटेक्टरशी काटकोनात असावी. यंत्राची लेझर रेषा यासाठी उपयोगी पडते. ती आडवी असते, रुग्णाच्या गालावर स्पष्ट दिसते आणि तिच्याशी ही रेषा ताडून पाहता येते.

तिरक्या चित्रांकडे आल्यावर यंत्राचा सर्वांत मोठा दोष समोर येतो. मज्जातंतू बाहेर पडण्याची छिद्रे मानेत सुमारे ४५ अंश पुढे आणि १५ अंश खाली तोंड करून असतात, म्हणून रुग्णाला ४५ अंश वळवून किरणांनाही १५ ते २० अंश कोन द्यावा लागतो. परंतु कोणत्या दिशेने, हे रुग्ण कसा उभा आहे यावर ठरते. रुग्णाची पाठ डिटेक्टरकडे असेल तर किरण डोक्याकडे वर जायला हवेत आणि चित्रात डिटेक्टरपासून दूरच्या बाजूची छिद्रे उघडतात. रुग्णाचा चेहरा डिटेक्टरकडे असेल तर किरण पायांकडे खाली जायला हवेत आणि डिटेक्टरच्या जवळच्या बाजूची छिद्रे उघडतात. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. मी दुसरी पसंत करतो, कारण तिच्यात थायरॉइड ग्रंथी किरणांच्या येण्याच्या बाजूला नसते, तिला मिळणारी मात्रा कमी होते आणि पाहायची छिद्रे डिटेक्टरच्या जवळ असल्याने चित्र कमी फुगते.

या यंत्रात तिरक्या चित्रासाठी फक्त पहिली पद्धत भरलेली आहे. रुग्णाला डिटेक्टरकडे तोंड करून उभे केले आणि तपासणीचे नाव दाबले तर ट्यूब १५ अंश वर रोखून उभी राहते, म्हणजे जिथे खाली हवे तिथे वर, आणि प्रत्यक्षात ३० अंशांचा फरक पडतो. त्यातून पडद्यावर फक्त ‘१५’ लिहून येते, अधिक किंवा उणे असे चिन्ह नसते आणि दिशेचा बाणही नसतो. कोन बरोबर आहे असे वाटण्यासाठी हा आकडा पुरेसा होतो. असे चित्र आले की छिद्रे अरुंद आणि वेडीवाकडी दिसतात आणि मज्जातंतू दबल्याचा संशय विनाकारण बळावतो. दिशेचे चिन्ह दाखवणे हे काही अवघड तंत्रज्ञान नाही. इतक्या अचूक मोटरी बसवणाऱ्या यंत्रात ते नसावे याचे मला वाईट वाटते. तोवर उपाय एकच: एक्स्पोजरपूर्वी पडद्याकडे न पाहता ट्यूबच्या तोंडाकडे पाहावे आणि चित्रावर उजवी-डावीचा मार्कर लावताना कोणत्या बाजूची छिद्रे उघडणार आहेत हे मनाशी म्हणावे.

बाजूच्या चित्राला कोन नाही, किरण आडवे आणि सी-४ वर सरळ. इथे अंतराला महत्त्व आहे. खांद्यामुळे मान डिटेक्टरपासून दूर राहते. ती २५ सेंमी दूर असेल आणि ट्यूब डिटेक्टरपासून १०० सेंमीवर असेल तर मणके मूळ आकाराच्या एक तृतीयांशाने मोठे आणि धूसर येतात, तर १८० सेंमीवर ही वाढ सुमारे १६ टक्क्यांवर येते. यंत्र आपणहून १८० सेंमी घेते, हे उत्तम. या अंतरावर मान आणि डिटेक्टर यांच्यातील हवेची जागाच विखुरलेले किरण बरेचसे बाजूला टाकते, म्हणून सडपातळ माणसात ग्रिड, म्हणजे विखुरलेले किरण अडवणारी बारीक पट्ट्यांची जाळी, काढून ठेवता येते, आणि इथे ती एका हाताने निघते. सी-७ आणि छातीचा पहिला मणका यांचा सांधा दिसल्याशिवाय हे चित्र पूर्ण मानू नये. त्यासाठी रुग्णाला पूर्ण श्वास सोडायला सांगावे, खांदे सैल सोडायला सांगावे आणि इजा झाल्याची शंका नसेल तर दोन्ही हातांत सारखे वजन द्यावे.

एवढे करूनही खांदे आड आले तर डिटेक्टरकडचा हात डोक्यावर आणि दुसरा खांदा खाली अशी स्थिती घेऊन चित्र काढतात. दूरचा खांदा पुरेसा खाली जात नसेल तर किरण पायांकडे ३ ते ५ अंश कलते करावे लागतात. आणि नेमके इथे हे यंत्र अडते. शून्य अंशावर ट्यूबला एक घट्ट खाच आहे, जेणेकरून ती सरळ स्थितीत पक्की बसावी. हाताने ३ अंश कललेली ट्यूब सोडली की ती हळूच शून्यावर परत येते. ब्रेक लागल्याचा आवाज होतो, दिवा लागतो आणि आकडा मात्र ० झालेला असतो. मोटरने ३ अंश घेतले तर ती तिथे थांबते, पण त्यासाठी पडद्यावर तीन पायऱ्या आत जावे लागते आणि तोवर हात डोक्यावर धरून बसलेल्या रुग्णाचा खांदा वर आलेला असतो. मी आता सरळ ५ अंश घेतो, कारण तिथवर खाचेची ओढ पोहोचत नाही.

तोंड उघडून घ्यायच्या चित्रात, पहिल्या दोन मणक्यांसाठी, किरण सरळ असतात आणि सगळी कसरत मानेच्या स्थितीची असते. वरच्या पुढच्या दातांची कड आणि कवटीचा तळ एका रेषेत आले की ओडोन्टॉइड, म्हणजे दुसऱ्या मणक्याचे वर आलेले दातासारखे टोक, मोकळे दिसते. दात त्यावर आले तर मान जास्त वाकलेली आहे, कवटीचा तळ आला तर मान जास्त मागे गेलेली आहे. मान हलवणे शक्य नसेल तर पहिल्या प्रकारात किरण डोक्याकडे आणि दुसऱ्यात पायांकडे सुमारे ५ अंश कलवून काम भागते. रुग्णाला हळू ‘आऽ’ म्हणायला सांगितले की जीभ खाली बसते आणि तिची सावली टळते. यंत्राचा यात फारसा हातभार नाही, पण अडथळाही नाही.

अपघातातून आलेल्या रुग्णाविषयी लिहिताना एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. प्रौढांमध्ये मानेच्या मोठ्या इजेची शंका असेल तर आज सीटी स्कॅन पहिली निवड मानली जाते, आणि तपासणी लागेल की नाही हे ठरवण्यासाठी नेक्सस आणि कॅनडाचा सी-स्पाइन नियम हे २००० आणि २००१ साली प्रसिद्ध झालेले निकष डॉक्टर वापरतात. तरीही जिथे साधे चित्र काढायचे ठरते तिथे नियम कडक आहे: कॉलर काढायची नाही, मान वळवायची नाही, जे काही वळायचे ते ट्यूबने. अशा वेळी छताला टांगलेली ट्यूब फार मोलाची ठरते. स्ट्रेचर तसेच ठेवून ती आडवी करता येते, रुग्णाला स्पर्श न करता बाजूचे चित्र निघते, नंतर तिथूनच वर जाऊन समोरच्या चित्राचे १५ अंश घेता येतात. जमिनीवर उभ्या असलेल्या स्तंभाच्या यंत्रावर हेच करताना स्ट्रेचर दोन-तीनदा फिरवावे लागते.

या कामात सुटा डिटेक्टर वापरताना पडद्यावरच्या आकड्याचा अर्थ बदलतो, तेही लक्षात ठेवावे. यंत्र कोन मोजते तो जमिनीच्या संदर्भाने. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या रुग्णाच्या पाठीमागे डिटेक्टर टेकवला आणि तो १० अंश मागे कलला, तर पडद्यावरच्या २० अंशांचा डिटेक्टरशी असलेला कोन २० राहत नाही. किरण आणि चकती यांच्यातील कोन रुग्ण कसा बसला आहे यावर ठरतो, चित्रातला आकार किती ताणला जातो हे मात्र किरण आणि डिटेक्टर यांच्यातील कोनावर. शिवाय सुट्या डिटेक्टरवर ग्रिड असेल तर तिच्या पट्ट्यांची दिशा पाहावी. ट्यूब पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने कलली तर काही बिघडत नाही, आडवी कलली तर पट्ट्याच किरण अडवतात आणि चित्र फिके पडते. उभ्या स्टँडवर या यंत्राच्या पट्ट्या उभ्या आहेत, त्यामुळे मानेसाठी तिथे काळजी नाही.

अचूकतेविषयी: दर्शवलेला कोन आणि खरा कोन यांचा मेळ आम्ही ट्यूबच्या सपाट तोंडावर कोनमापक लावून पाहतो आणि सरळ किरणांसाठी दोन पोलादी गोळ्यांचे साधे परीक्षण-साधन वापरतो, ज्यात वरच्या गोळीची सावली खालच्या गोळीवर पडायला हवी. दोन्हींत या यंत्राने तक्रारीला जागा ठेवलेली नाही.

खरेदीचा विचार करणाऱ्यांनी हे यंत्र घ्यावे असेच मी सांगेन, मात्र बसवतानाच कंपनीच्या अभियंत्याकडून तीन बदल लिहून मागावेत. उभ्या स्टँडवरील समोरच्या चित्रासाठी २० अंश आणि टेबलासाठी १५ अंश असे वेगळे आकडे भरून घ्यावेत. तिरक्या चित्राची दुसरी पद्धत, किरण पायांकडे १५ अंश, स्वतंत्र नावाने नोंदवून घ्यावी आणि त्या नावातच ‘चेहरा डिटेक्टरकडे’ असे लिहावे, म्हणजे पडद्यावर चिन्ह नसले तरी दिशा कळेल. शून्याच्या खाचेची ओढ कमी करता येते का, हे विचारावे; आमच्या यंत्रात ती जोडणीच्या वेळी सैल करता आली असती, नंतर त्यासाठी ट्यूबचे आवरण उघडावे लागते आणि तेवढा वेळ विभाग बंद ठेवावा लागतो.